बोईसरपर्यंत न बदलता आलेला आवाज

नारळी पौर्णिमा होऊन आठवडा झाला होता. बाजारात ताजे बोंबील यायला लागले होते आणि आमच्या बोईसरच्या घराच्या मागल्या दारी आई विळी घेऊन ते साफ करत बसली होती. पाऊस थांबून थांबून पडत होता. आत टीव्हीवर पोकेमॉन लागलं होतं आणि माझी आठ वर्षांची भाची पाय दुमडून, तोंड उघडं टाकून बघत होती. मध्येच जाहिरात लागली तशी तिने मान वळवली.

"आत्या, पिकाचूचा आवाज कोण काढतं गं?"

"असेल कोणीतरी मुंबईत," मी म्हणाले. हिंदीत बोलणारी सगळी कार्टूनं मुंबईत बोलती होतात, एवढं मला ऐकून माहीत होतं. तिचं समाधान झालं, माझं मात्र झालं नाही. त्या रात्री मी शोधत बसले आणि जे सापडलं त्याने अक्षरशः झोप उडाली. माझं उत्तर चुकलं होतं. त्या मालिकेतली जवळजवळ सगळी पात्रं बोईसरला पोचेपर्यंत आवाज बदलून येतात. नायक मुलगा जपानमध्ये सातोशी असतो, तो इंग्रजीत अ‍ॅश झाला आणि हिंदीत येताना त्याला आणखी एक नवा गळा मिळाला. पण त्याच्या खांद्यावर बसलेलं ते पिवळं जनावर? त्याचा आवाज कोणी बदललाच नाही. इंग्रजीत नाही, स्पॅनिशमध्ये नाही, हिंदीतही नाही. जपानमधल्या एका बाईने माइकसमोर उभं राहून जे काही केलं, तेच जसंच्या तसं आमच्या एमआयडीसीमागच्या गल्लीतल्या टीव्हीतून बाहेर पडतं.

त्या बाईंचं नाव इकुए ओतानी. जन्म 18 ऑगस्ट 1965, तोक्योचा. 1 एप्रिल 1997 रोजी जपानी दूरचित्रवाणीवर पोकेमॉन सुरू झालं तेव्हा त्या एकतीस वर्षांच्या होत्या. आज त्यांनी साठी ओलांडली आहे. भाचीला सकाळी हे सांगितलं, तेव्हा ती बराच वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, "म्हणजे पिकाचू आजी आहे?"

एका अर्थाने, हो.

आता हा आवाज बदलावा का लागला नाही, हे सांगते. पिकाचूला भाषाच नाही. तो आपल्या नावाचे तुकडे करतो आणि तेच पुन्हा पुन्हा बोलतो: पिका, पिकापी, पिका-चू. सुरुवातीला निर्मात्यांच्या मनात हे पात्र हळूहळू माणसासारखं बोलायला लागेल असं होतं, पण तो विचार त्यांनी सोडून दिला. मला वाटतं, ओतानीबाईंना ऐकल्यावर दुसरं काही करण्याची गरजच उरली नसावी. तीन अक्षरांत राग, लाड, भीती, थट्टा, झोप, भूक, निरोप हे सगळं मावत असेल, तर वाक्यं हवीत कशाला?

आणि ती तीन अक्षरं तरी काय आहेत? जपानी भाषेत 'पिका' म्हणजे वीज चमकल्यासारखं लखकन होणं, 'पिकापिका' म्हणजे लखलखीत, चकचकीत. 'चूचू' म्हणजे उंदराचा आवाज. लखकन चमकणारा, चूं चूं करणारा, असं त्या जनावराचं नाव आहे. हे वाचलं आणि मला आपल्या मराठीची आठवण झाली. जपानी माणूस जसा बोलता बोलता असे नाद पेरतो, तसेच आपणही पेरतो. पाऊस रिमझिम, ओढा खळखळ, वीज लखलख, ढग गडगड, पैंजण छुमछुम, आणि उन्हात तापलेल्या पत्र्यावर पाऊस पडला की चुर्रर्र. पुष्कळ भाषांमध्ये अशा शब्दांना पोरकट म्हणून बाजूला बसवतात. मराठीत आणि जपानीत ते घरच्या ओसरीवर मानाने बसतात. म्हणून 'पिका' आपल्या कानाला परकं वाटत नाही.

ओतानीबाईंनी आयुष्यभर कुणाकुणाचे आवाज दिले त्याची यादी पाहिली तर एक गोष्ट ठळक दिसते. 'डिटेक्टिव्ह कोनान' ही मालिका 1996 साली सुरू झाली, तिच्यातला मित्सुहिको हा शाळकरी मुलगा त्यांचा. 'नारुतो'मधला कोनोहामारू हा खोडकर पोरगा त्यांचा. 'वन पीस'मधला चॉपर, म्हणजे माणसासारखं बोलणारं, डॉक्टर असलेलं, कौतुक केलं की लाजून वळवळणारं ते रेनडियरचं पिल्लू, तेही त्यांचंच. मुलगे आणि जनावरं. पंचवीस-तीस वर्षं एक बाई रोज कामावर जाते आणि तिथे मुलगा होते, नाहीतर पिल्लू होते. 2006 साली त्या काही काळ कामापासून दूर होत्या, तेव्हा चॉपर आणि मित्सुहिको यांच्यासाठी दुसऱ्या अभिनेत्री उभ्या राहिल्या. त्या परत आल्या आणि आपली पोरं पुन्हा आपल्याकडे घेतली.

2019 मध्ये हॉलिवूडने 'डिटेक्टिव्ह पिकाचू' हा चित्रपट काढला. त्यात पिकाचू रायन रेनॉल्ड्सच्या आवाजात घडाघडा बोलतो. पण कथेत त्याचं बोलणं फक्त एकाच मुलाला कळतं, बाकीच्यांना नुसतं 'पिका पिका' ऐकू येतं. आणि बाकीच्यांना ऐकू येणारा तो आवाज कुणाचा? ओतानीबाईंचाच. एवढा पैसा, एवढी यंत्रं हाताशी असूनही त्या तीन अक्षरांसाठी हॉलिवूडला तोक्योच्या याच बाईंकडे जावं लागलं. 2023 च्या मार्चमध्ये सातोशीची गोष्ट जपानमध्ये संपली. तोवर सव्वीस वर्षं झाली होती आणि पोरगा अजून दहाच वर्षांचा होता. त्याचा आवाज पहिल्या दिवसापासून रिका मात्सुमोतो यांनी दिला, त्याही बाईच. पुढच्या महिन्यात नवी मालिका सुरू झाली, नवी मुलं आली, आणि त्यात कॅप्टनची टोपी घातलेला एक वेगळा पिकाचू आला. तोही ओतानीबाईंच्याच गळ्यातून बोलला.

इथे कुणीही विचारील, मुलाच्या आवाजासाठी बाई कशाला?

याचं उत्तर मासाको नोझावा या अभिनेत्रीच्या आयुष्यात आहे. जन्म 25 ऑक्टोबर 1936. जपानमध्ये दूरचित्रवाणी नवीन होती तेव्हा परदेशी मालिका जपानी आवाजात दाखवल्या जात, आणि ते आवाज थेट प्रक्षेपणातच दिले जात. पडद्यावर चित्र चालू, बाजूला माइकसमोर नट उभे, चुकलं तर चूक साऱ्या देशाने ऐकली. अशा कामाला लहान मुलगा कुठून आणायचा? तो अडखळणार, शिवाय रात्री उशिरापर्यंत मुलांना कामावर ठेवता येत नाही. मोठा पुरुष घेतला तर आवाज घोगरा. मग कुणाच्या तरी डोक्यात आलं की बाईला विचारून बघू. नोझावाबाई सांगतात की त्या वेळी मुलाच्या भूमिकेसाठी उभ्या राहिलेल्या पहिल्या त्याच. अडचणीतून काढलेली एक वाट होती ती. आज जपानी अ‍ॅनिमेतले कितीतरी गाजलेले मुलगे त्याच वाटेवरून चालत आपल्यापर्यंत आले आहेत असं म्हणायला हरकत नाही. 'वन पीस'चा लुफी 1999 पासून मायुमी तानाका यांचा. डोरेमॉन 1979 ते 2005 नोबुयो ओयामा यांचा आणि त्यानंतर वासाबी मिझुता यांचा.

शरीरशास्त्रही या वाटेच्या बाजूने आहे. आपल्या गळ्यात स्वरयंत्र असतं, त्यात दोन नाजूक पट्ट्या असतात, श्वासाने त्या थरथरतात आणि आवाज होतो. पट्ट्या जितक्या आखूड तितकी थरथर जलद आणि आवाज बारीक. मोठ्या पुरुषाच्या पट्ट्या सेकंदाला साधारण सव्वाशे वेळा थरथरतात, बाईच्या दोनशेच्या आसपास, लहान मुलांच्या अडीचशे-तीनशे. म्हणजे बाईचा गळा मुलाच्या गळ्याचा शेजारी आहे. थोडं वर चढलं की पोचलं. पण नुसतं बारीक बोलून भागत नाही, नाहीतर प्रत्येक बाईचा सहज मुलगा झाला असता. गळ्यापासून ओठांपर्यंतची जी पोकळी असते, ती मुलांमध्ये आखूड असते आणि आवाजाचा पोत तिच्यातून ठरतो. कसलेली अभिनेत्री स्वरयंत्र किंचित वर उचलते, जिभेचा आणि ओठांचा आकार बदलते आणि ती पोकळीच लहान करते. तोंडाच्या आत, कुणाला दिसणार नाही अशा जागी, ती काही क्षणांसाठी आपलं शरीर दहा वर्षांचं करून घेते. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा आरशासमोर उभं राहून करून पाहिलं. दोन मिनिटांत घसा दुखला. त्या बाई हे तासन्‌तास करतात.

खऱ्या मुलाचा आवाज तेरा-चौदाव्या वर्षी फुटतो, हाही भाग आहेच. पात्र दहा वर्षांचंच राहणार असेल तर त्याचा आवाज वाढून चालत नाही.

मराठी माणसाला यात फार नवल वाटू नये, कारण उलट्या दिशेचं नवल आपण आधीच पाहिलेलं आहे. बालगंधर्व रंगभूमीवर आले की घराघरांतल्या बायका त्यांच्याकडे बघून पदर कसा घ्यावा ते शिकत. तिथे पुरुषाने बाई उभी केली, इथे बायकांनी मुलगे उभे केले. फरक इतकाच की बालगंधर्वांना शालू होता, दागिने होते, प्रकाश होता. नोझावाबाईंकडे एक माइक आणि हातातली संहिता.

त्यांच्याबद्दलची मला सगळ्यात आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. 'ड्रॅगन बॉल' 1986 च्या फेब्रुवारीत सुरू झालं, गोकूचा आवाज त्यांचा. पुढे गोकू मोठा झाला, त्याला गोहान हा मुलगा झाला, त्याचाही आवाज त्यांचाच. मग धाकटा गोतेन झाला, त्याचाही. आणि तिघं एका प्रसंगात समोरासमोर आले की नोझावाबाई तिन्ही आवाज वेगवेगळे ध्वनिमुद्रित करून नंतर जोडून घेत नाहीत, एकामागोमाग एक सलग बोलतात. बाप बोलतो, थोरला उत्तर देतो, धाकटा मध्येच तोंड घालतो. एकाच श्वासाच्या घरात तिघांचा संसार! 2024 च्या ऑक्टोबरमध्ये 'ड्रॅगन बॉल दायमा' सुरू झालं, त्यात गोकू पुन्हा लहान होतो. त्या महिन्यात नोझावाबाईंना अठ्ठ्याऐंशी वर्षं पूर्ण झाली. आदल्या मार्चमध्ये गोकूचे जनक अकिरा तोरियामा गेले होते. चित्रकार गेला, पण त्याच्या पोराचा आवाज अठ्ठ्याऐंशीव्या वर्षीही पोराचाच राहिला.

जपानमध्ये अशा कलावंतांना 'सेइयू' म्हणतात. 'सेइ' म्हणजे आवाज आणि 'यू' हे नट या अर्थाच्या शब्दातलं शेवटचं अक्षर. आवाजनट म्हणू या. त्यांच्यासाठी शाळा आहेत, त्यांचे चाहते आहेत, मोठमोठ्या सभागृहांत त्यांच्या मैफली होतात. पण नव्याने आलेल्याला अर्ध्या तासाच्या एका भागासाठी ठरलेला दर साधारण पंधरा हजार येन. एक वाक्य असो की शंभर, पैसे तेवढेच. कोपऱ्यात उभं राहून "बरं" एवढंच म्हणायचं असलं तरी त्यासाठी पूर्ण संहिता वाचून यायचं असतं.

ध्वनिमुद्रणाची खोली मी डोळ्यांसमोर आणायचा खूप प्रयत्न केला. भिंतीला कडेने बाकं, समोर पडदा, मध्ये तीन-चार माइक, आणि पात्रं दहा-बारा. म्हणून ज्याचं वाक्य आलं तो उठतो, मोकळ्या माइककडे जातो, बोलतो आणि मागे सरकतो. चालताना बुटाचा आवाज होऊ द्यायचा नाही, पान उलटताना कागद वाजू द्यायचा नाही, सळसळणारे कपडे घालायचे नाहीत. पडद्यावरचं चित्र बऱ्याचदा अर्धवट असतं, नुसत्या रेघोट्या असतात, कोणी कधी बोलायचं त्याची खूण तेवढी उमटते. त्या रेघोट्यांकडे बघून रडायचं, हसायचं, मार खायचा. गर्दी असूनही चिडीचूप असलेल्या त्या खोलीत एक बाई पुढे होते आणि तोंडातून "पिका!" निघतं. एखाद्या देवळातला पूजाविधी असावा तसं मला हे वाटतं.

मुंबईतली पद्धत वेगळी. विरार-चर्चगेट गाड्यांनी रोज जाणाऱ्यांना अंधेरी म्हणजे नोकरीचं स्टेशन. पण त्याच अंधेरीच्या पश्चिमेकडे, ओशिवऱ्याच्या आसपास, डबिंगचे स्टुडिओ आहेत, आणि आपल्या मुलांनी ऐकलेल्या कार्टूनांतली कितीतरी बाळं तिथल्या बंद खोल्यांत जन्मली आहेत. इथे बहुधा कलाकार एकटाच आत असतो. कानावर हेडफोन, त्यात मूळ आवाज, काचेपलीकडे दिग्दर्शक आणि रेकॉर्डिस्ट. एक वाक्य ऐकायचं, लगेच हिंदीत म्हणायचं, ओठ जुळले नाहीत तर पुन्हा. समोरचं पात्र उद्या कोणीतरी दुसराच येऊन बोलून जाणार. भांडण असलं तरी एकट्याने भांडायचं.

'निन्जा हातोरी' आठवतो? 2006-07 च्या सुमारास निक वाहिनीवर आला आणि बोईसरच्या प्रत्येक चाळीत पोरं हाताची बोटं जुळवून फिरायला लागली. मूळ मालिका 1981 ची, तिथे हातोरीचा आवाज जुन्को होरी या बाईंचा. हिंदीत तो मेघना एरंडे यांनी दिला. मराठी घरातली मुलगी मुंबईच्या खोलीत उभी राहून जपानी निन्जा मुलगा हिंदीत बोलते! गंमत म्हणजे हातोरी इथे इतका लाडका झाला की पुढे 2012 मध्ये त्याची नवी मालिका निघाली आणि तिच्या निर्मितीत भारतीय कंपनी सामील होती. जपानी पोराला भारतातल्या मुलांच्या प्रेमापोटी दुसरा जन्म मिळाला.

पण आवाज बदलताना काय हरवतं तेही पाहिलं पाहिजे. जपानीत 'मी' म्हणायला कितीतरी शब्द आहेत. हातोरी स्वतःला 'सेश्शा' म्हणतो, जुन्या काळच्या सामुराईने नम्रपणे स्वतःबद्दल बोलावं तसं. आपल्याकडे एखाद्या पोराने बखरीतल्या भाषेत "सेवक हजर आहे" म्हणावं, तसा तो थाट. गोकू स्वतःला 'ओरा' म्हणतो, तो अस्सल खेडवळ 'मी'. तोंड उघडताक्षणी जपानी श्रोत्याला कळतं की हा डोंगरातला गडी आहे. हिंदीत दोघंही 'मैं' म्हणतात. एका शब्दात जे होतं ते गेलं, आणि आता ते सगळं हिंदी कलावंताने आवाजाच्या पोतातून भरून काढायचं. हे काम नकलेचं नाही. मेघनाताईंचा हातोरी ऐकताना त्या 'मैं'च्या मागे एक ताठ कणा असलेला, शिस्तीचा, पण आतून प्रेमळ मुलगा जाणवतो तो यामुळेच.

ओठ जुळवणं त्या मानाने सोपं जातं, त्याचं कारण चित्रात आहे. जपानी अ‍ॅनिमेमध्ये बोलणाऱ्या तोंडाची बहुधा तीनच चित्रं काढतात: मिटलेलं, अर्धं उघडं, पूर्ण उघडं. तीच फिरवायची. त्यामुळे त्या तोंडात कुठलीही भाषा बसते, शब्दांचं माप तेवढं सांभाळायला हवं. त्यातही आपल्या लिपीला आणि जपानीला एकमेकींची जुनी ओळख आहे. जपानी मूल अक्षरं घोकतं ती अशी: अ, इ, उ, ए, ओ. मग क, स, त, न, ह, म, य, र, व. कान देऊन ऐका. ही आपलीच वर्णमाला आहे! 'स' जिथे आहे तिथे आपला च-वर्ग धरा, 'ह'चा उच्चार पूर्वी 'प'सारखा होता असं धरा, की क, च, त, न, प, म, य, र, व हा आपला क्रम लख्ख दिसतो. हजार-बाराशे वर्षांपूर्वी बौद्ध भिक्षू सिद्धम लिपीतून संस्कृत शिकले, ती ध्वनींची मांडणी जपानमध्ये गेली आणि तिथल्या अक्षरांचा क्रम तिच्यावरून लागला. पि-का-चू ही तीन अक्षरं देवनागरीत इतकी आरामात बसतात, त्यामागे हा जुना शेजार आहे. जपानच्या मदतीने होत असलेल्या बुलेट ट्रेनच्या 508 किलोमीटरच्या मार्गावर बोईसर हे एक स्टेशन असणार आहे, म्हणून आमच्याकडे जपानची चर्चा हल्ली चहाच्या टपरीवरही चालते. रुळांच्या कितीतरी आधी अक्षरं जाऊन आली होती, हे टपरीवर कोणाला सांगितलं तर विश्वास बसत नाही.

माझ्या पिढीला जपानी कार्टून पहिल्यांदा भेटलं ते दूरदर्शनवर, 1993 मध्ये, रविवारी सकाळी. मोगलीचं 'जंगल बुक'. ते जपानमध्ये 1989 साली तयार झालेलं होतं, पण आम्हाला ते जपानी आहे हे कुठे ठाऊक होतं? त्यातल्या शेर खानला आवाज होता नाना पाटेकरांचा. मुरूड-जंजिऱ्याकडचा हा कोकणी नट वाघाच्या पोटात शिरला आणि जी गुरगुर बाहेर आली तिने आम्ही भावंडं आईला चिकटून बसायचो. आमच्या जिल्ह्यात वाघ हा नुसता गोष्टीतला प्राणी नाही. वारली पाड्यांवर वाघदेव आहे, वाघबारशीला त्याची पूजा होते. शेर खान बोलायला लागला की घरी कामाला येणाऱ्या वारली मावशी पडद्याकडे पाठ करून उभ्या राहायच्या. त्या घाबरल्या होत्या की मान देत होत्या, हे विचारायचं वय तेव्हा नव्हतं.

आणखी एक जोडी सांगायलाच हवी. जपानचे युगो साको आणि मुंबईचे राम मोहन यांनी मिळून 'रामायण' हा अ‍ॅनिमे चित्रपट केला, त्याच्या हिंदी आवृत्तीत अरुण गोविल राम म्हणून बोलले आणि अमरीश पुरी रावण. तो 24 जानेवारी 2025 ला भारतातल्या चित्रपटगृहांत नव्याने आला, तेव्हा नव्या हिंदी आवाजांमध्ये सीता होती सोनल कौशल यांची. याच सोनलताईंनी किशोरवयापासून हिंदीतला डोरेमॉन बोलला आहे. पोटावरच्या खिशातून हवं ते काढणारा निळा मांजर-रोबो आणि जनककन्या एकाच गळ्यात राहतात. भाचीला हे सांगितलं तर ती म्हणाली, "मग सीतेने खिशातून काहीतरी काढायला हवं होतं."

एक खंत मनात आहे, ती लिहूनच टाकते. तारापूरचं अणुवीजकेंद्र 1969 मध्ये सुरू झालं, मागोमाग एमआयडीसी वाढली आणि इथे सगळ्या देशातून माणसं आली. आमच्या गल्लीत भोजपुरी, गुजराती, मल्याळी, वाडवळी, मांगेली सगळं ऐकू येतं. पोरं आपसात खेळताना हिंदी बोलतात आणि त्या हिंदीत कार्टूनचा हेल आहे. त्याचा मला राग नाही. पण माझ्या भाचीने कधी तरी हातोरीला मराठीत बोलताना ऐकावं, गोकूने 'ओरा'ऐवजी एखाद्या डोंगरी मराठी बोलीतला 'मी' उच्चारावा, असं फार वाटतं. त्या खेडवळ 'मी'साठी कार्टूनच्या हिंदीत शब्द नाही, मराठी बोलींकडे आहेत. मेघनाताईंसारखे गळे आपल्याकडे आहेत, डबिंगच्या खोल्या लोकलच्या अंतरावर आहेत. कुणीतरी ठरवायचं तेवढं बाकी आहे.

आता मागल्या दारी परत येते, त्यानंतरच्या एका दुपारी, आई पुन्हा बोंबील साफ करत बसली होती तेव्हा. ओतानीबाईंबद्दल वाचून झाल्यापासून मला एक प्रयोग करून बघायचा होता. आईला कार्टूनची हिंदी फारशी कळत नाही. ती चिंचणीची, आयुष्य मराठीत आणि माशांच्या भावात गेलेलं. मी मोबाइलवर पिकाचूचे पाच वेगवेगळे तुकडे शोधून ठेवले, चित्र न दाखवता. भाचीला तोंडावर बोट ठेवायला सांगितलं आणि मागल्या दारी जाऊन, आईच्या पाठीमागे उभी राहून, पहिला तुकडा लावला.

आईने मान वर केली नाही. "हाक मारतंय कुणाला तरी," ती म्हणाली.

दुसरा. "रुसलंय."

तिसरा. तिचा हात थांबला. "घाबरलंय गं. काय झालं?"

चौथा. "आता झोप आलीय त्याला."

पाचव्या तुकड्यात पिकाचू केविलवाणं काहीतरी मागत असतो. आईने बोंबील पाटीत टाकला, हात धुतला आणि मागे वळून पाहिलं.

"कुणाचं पोर आहे?"

भाचीला हसू आवरेना. "आजी, ते पोर नाही, पिकाचू आहे!"

"असू दे," आई म्हणाली. "भूक लागलीय त्याला."